न कापलेली केबल

गच्चीवरचा अँटेना मी काढणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला उगाच आशा वाटायला नको. आमच्या इमारतीच्या सचिवांच्या वाचनात हे आलं तर त्यांनीही याची नोंद घ्यावी. नोंद ते घेतातच. निवृत्त होण्याआधी ते वजनमाप खात्यात होते आणि नोंद घेण्यापलीकडे त्यांना दुसरं काही करताना मी पाहिलेलं नाही. पडद्याच्या रॉडचे दोन तुकडे, एक फळी, एक लोखंडी पाइप आणि खाली येणारी एक काळी केबल, एवढ्या ऐवजावरून एखाद्याला 'उपद्रवी सभासद' ठरवायचं असेल तर खुशाल ठरवावं. मी उपद्रवी आहे. माझी आत्या माझ्याहून उपद्रवी आहे, पण तसं तिला तोंडावर म्हणायची मुभा फक्त घरच्यांना आहे, आणि आम्हीही ती वापरत नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती आमच्याकडेच राहते. जन्मभर तिने शिवणाचे वर्ग घेतले. तिच्या पाठची धाकटी आत्याही तिच्याबरोबर शिकवायची, एकाच खोलीत, समोरासमोरच्या दोन टेबलांवर. मग एक दिवस वाद निघाला की बाहीचं कापड कागदी साच्याशिवाय, नुसत्या नजरेने बेतता येतं की नाही. धाकटी म्हणाली, येतं. थोरली म्हणाली, असं म्हणणाऱ्या बाईच्या हातात कात्री देऊ नये. शब्दाला शब्द वाढला आणि धाकटी आत्या आपलं टेबल घेऊन डोंगरापलीकडच्या गावी निघून गेली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद आहे. लोकांच्या घरात जमिनीवरून भांडणं होतात, दागिन्यांवरून होतात. आमच्याकडे ते बाहीवरून झालं. प्रत्येकाच्या घराण्याची आपली एक पत असते.

डोंगरापलीकडे एक छोटंसं रेडिओ केंद्र आहे. त्यावर धाकटी आत्या दर मंगळवारी संध्याकाळी शिवण शिकवते. रेडिओवरून शिवण कसं शिकवतात हे मला अजून नीट उमगलेलं नाही, कारण ऐकणारीला कापड दिसत नाही आणि सांगणारीला ऐकणारी दिसत नाही. पण थोरली आत्या हा कार्यक्रम कधी चुकवत नसे. मांडीवर एखादं कापड, कानाशी रेडिओ, आणि धाकटीच्या प्रत्येक वाक्याला उत्तर. "चूक." "साफ चूक." "अगं, उभ्या धाग्यावर ठेव आधी." माझी बायको म्हणायची की, बोलणं चालू असलेल्या बहिणीसुद्धा आठवड्याला इतकं बोलत नाहीत. यांच्यात एकीचं दुसरीला ऐकू जात नाही, एवढंच काय ते.

आणि मग आमच्या आणि डोंगराच्या मधोमध एक उंच इमारत उभी राहिली. मजले चढत गेले तसा धाकटीचा आवाज बसत गेला. शेवटी एका मंगळवारी रेडिओतून नुसती खरखर आली. आत्या पूर्ण कार्यक्रमभर ती खरखर ऐकत बसली आणि शेवटी म्हणाली, "आज बरोबर सांगितलं असेल तिने."

एवढ्यावरून कुणालाही कळलं असतं की तिला काय होतंय. बायकोने लगेच फोन पुढे केला. त्या केंद्राचं फोनवर ऐकायचं काहीतरी असतं, ते लावलं की जगात कुठेही स्वच्छ ऐकू येतं. आत्याने विचारलं की फोनवर किती जण ऐकतात ते केंद्राला कळतं का. बायको म्हणाली, कळतं, आकडाच दिसतो, कार्यक्रमाच्या शेवटी वाचूनही दाखवतात.

"आणि रेडिओवर ऐकलं तर?"

"तर नाही कळत, आत्या. ते कसं कळणार?"

"मग मला रेडिओच हवा," आत्या म्हणाली. "मी तिच्या आकड्यात जाणार नाही. मी ऐकते हे तिला कळलं तर डोक्यावर बसेल."

तर एवढीच मागणी होती. आत्याला तिच्या बहिणीचा आवाज ऐकायचा होता आणि बहिणीला त्याचा पत्ता लागू द्यायचा नव्हता. मी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकाची कितीतरी मुद्रितं माझ्या डोळ्यांखालून गेली आहेत. 'इंपीडन्स' या शब्दाला दर आवृत्तीत नवा मराठी शब्द येतो आणि तो दर आवृत्तीत मीच शुद्ध करून देतो. त्यामुळे ही गोष्ट आपल्या हातची आहे असं मला वाटलं यात माझा काही दोष नाही. मी छाती पुढे काढून म्हणालो, "आत्या, मी तुला अँटेना करून देतो."  बायको नुसती स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहिली, आणि तिला पुढचं आधीच दिसत होतं असं आता वाटतं.

साधा अँटेना म्हणजे एका रेषेत ठेवलेल्या दोन दांड्या. मध्ये बोटभर फट. फटीच्या दोन्ही बाजूंना केबलचे दोन पदर जोडायचे; आतली तार एका दांडीला, बाहेरची जाळी दुसरीला. दोन्ही दांड्या मिळून साधारण पाच फूट भरायला हव्या होत्या. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडद्याचा रॉड पाच फुटांचा होता आणि मधोमध जोडाचा होता, ओढला की दोन तुकडे. विज्ञानाने मला इतकी सरळ हाक पूर्वी कधी मारली नव्हती. पडदा आम्ही कपड्यांच्या चिमट्यांनी लावून टाकला. तो अजूनही चिमट्यांवरच आहे आणि त्यावर घरात चर्चा होत नाही.

केबल आणायला आत्या बरोबर आली. कापड घ्यायला जावं तशी आली, पिशवी घेऊन. दुकानदाराने दोन प्रकार पुढे ठेवले, एक पन्नास ओहमचा (ओहम म्हणजे त्याच इंपीडन्सचं माप) आणि एक पंचाहत्तरचा, आणि म्हणाला, पंचाहत्तर जास्त आहे, तोच घ्या. त्याने सांगितलेलं कारण चूक होतं आणि निवड बरोबर होती. असल्या माणसांशी वाद घालता येत नाही. साध्या दोन दांड्यांच्या अँटेनाचा आकडा पंचाहत्तरच्या आसपासच असतो, रेडिओच्या मागच्या छिद्राचाही तोच होता. अँटेना, केबल आणि रेडिओ या तिघांचा आकडा जुळला की सिग्नल सरळ आत येतो. नाही जुळला तर त्यातला काही भाग आल्या वाटेने परत जातो. आमच्या छापखान्याच्या कचेरीत कागदांचं असंच होतं. ज्या टेबलाला जेवढं पेलतं तेवढंच ते घेतं आणि बाकीचं 'पुन्हा सादर करावे' असा शेरा मारून उलटपावली धाडतं.

दुकानदाराने विचारलं, किती कापू? गच्चीपासून आमच्या खोलीपर्यंत जेवढी लागेल तेवढी मी सांगणार होतो. तेवढ्यात आत्याने माझा हात धरला. ती म्हणाली, कापलेलं परत जोडता येत नाही. कधीही बेताचं घेऊ नये, आत भरपूर दुमडून ठेवावं, पुढेमागे कामाला येतं. मी म्हणालो की आत्या, अँटेना अंगाने वाढत नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी अख्खं बंडल उचललं. घरी आल्यावर लागेल तेवढी केबल सोडून उरलेली सगळी गुंडाळी तिने स्वतः कपाटामागे नीट लटकवली, वर जुना टॉवेल बांधला आणि एक टोक रेडिओला लावायला बाहेर काढून दिलं. आमच्या घरात कापायची गोष्ट निघाली की सगळेच हळवे होतात. माझ्या शाळेच्या विजारींच्या घड्या अजून उसवलेल्या नाहीत.

आता गच्ची. गच्चीवर काही लावायचं तर सचिवांची परवानगी लागते. त्यांच्या कागदावर चारच प्रकार होते: पाण्याची टाकी, डिश, सौर तबकड्या आणि कपड्यांच्या दोऱ्या. अँटेना कुठेच नव्हता. ते म्हणाले, 'इतर' लिहिलंत तर सर्वसाधारण सभा घ्यावी लागेल, आणि सर्वसाधारण सभेला कुणी येत नाही. मग त्यांनी अँटेनाचं वजन विचारलं. जुनी खोड. मी म्हणालो, पडद्याच्या रॉडइतकं. ते म्हणाले, पडद्याचं धरून की सोडून? शेवटी असं ठरलं की रेडिओला परवाना लागत नाही असं मी सरकारी कचेरीतून लिहून आणावं, मग ते बघतील.

त्या कचेरीत मी गेलो. खिडकीवरचे गृहस्थ मला पाहून खरोखर आनंदले, कारण त्या खिडकीवर बऱ्याच दिवसांत कुणी आलेलं नव्हतं. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि रेडिओचे परवाने असायचे तेव्हा इथे कशी रांग लागायची ते सविस्तर सांगितलं. परवाना आता लागत नाही, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. मी म्हणालो, तेवढं लिहून द्या. त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "जे लागतं ते आम्ही लिहून देतो. जे लागत नाही ते कशावर लिहून देणार?" हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही. मी चहा प्यालो आणि घरी आलो.

आणि त्या दिवशी माझं डोकं फिरलं. भल्या माणसाने सरळ मार्गाने जायचं म्हटलं की लोक त्याला वाट दाखवत दाखवत विहिरीपर्यंत नेतात. मी पाइप उचलला, फळी उचलली, गच्चीवर गेलो आणि जुन्या टाकीच्या कठड्याला सगळं आवळून बांधून टाकलं. वर चुन्याने लिहिलं: कपड्यांची दोरी, काम चालू. हा प्रकार कागदावर होता.

अँटेना उभा राहिला की तो कुठे वळवायचा हा प्रश्न येतो, आणि हा प्रश्न आला की शेजारी येतात. आमच्या समोरचे दंतवैद्य सगळ्यात आधी आले. हे गृहस्थ अतिशय भले आहेत, पण दिवसभर ज्यांच्याशी बोलायचं त्यांचं तोंड उघडं आणि बोलणं बंद, अशा धंद्यामुळे त्यांना उत्तर ऐकायची सवय राहिलेली नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. ते म्हणाले, केंद्र डोंगरापलीकडे आहे ना, मग दांडीचं टोक डोंगराकडे करा. बोट दाखवतो तसं. खालच्या मजल्यावरचे विमावालेही म्हणाले, उघड आहे. पाणी भरायला आलेला माणूसही म्हणाला, उघड आहे. इतक्या जणांना उघड दिसलेली गोष्ट मला एकट्याला झाकलेली दिसणं बरं नव्हतं. मी टोक डोंगराकडे केलं.

मंगळवार आला. आत्या कापड घेऊन बसली. रेडिओतून शेजारच्या शहरातलं एक केंद्र गाद्यांची जाहिरात करत होतं. आत्याने कार्यक्रमभर गाद्या ऐकल्या. दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात त्या धड्याचं मुद्रित काढून वाचलं, पहिल्यांदाच अर्थासकट, आणि कळलं की दांडी टोकाच्या बाजूने जवळजवळ काहीच ऐकत नाही. ऐकते ती कुशीच्या बाजूने. हे वाक्य माझ्याच सहीने छापायला गेलं होतं. त्यातला स्वल्पविराम मी घातला होता.

मी अँटेना आडवा वळवला. दंतवैद्यांना ते लागलं. पण हार मानणारे ते नव्हेत. ते पुन्हा आले आणि म्हणाले, साधा अँटेना म्हणजे कच्चं काम, दुमडलेला करा, दुप्पट ओढतो. त्यांनी कुठेतरी चित्रही पाहिलं होतं. आत्यालाही दुमडलेला हा शब्द फार आवडला. म्हणून मी जाड तार आणून एक लांबट कडं केलं, एका बाजूला मधोमध उघडं, आणि त्या उघड्या टोकांना केबल जोडली. तो पुढचा मंगळवार तर गाद्यांनाही मुकला. दुमडलेल्या अँटेनाचा आकडा असतो तीनशे. आमची केबल पंचाहत्तरची. चौपटीचं अंतर. मध्ये जोड लावल्याशिवाय तो तिच्याशी सरळ वागत नाही, आणि तो जोड कसा करायचा हे दंतवैद्यांच्या चित्रात नव्हतं. मी त्यांना हे समजावून सांगायला गेलो तर ते म्हणाले, तुमची केबल किडकी असेल.

त्या आठवड्यात बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. तिने कबूल केलं की आत्या खरखर ऐकत असते तेव्हा ती इथे उभी राहून फोनवर तो कार्यक्रम ऐकते. घरात एवढा देशद्रोह चालू आहे याची मला कल्पना नव्हती. पण तिने सांगितलं ते त्याहून वाईट होतं. केंद्राच्या लोकांनी धाकट्या आत्यांना कळवलंय की फोनवरचा आकडा फारच लहान आहे, म्हणजे कार्यक्रम कुणी ऐकत नाही. येत्या मंगळवारी शेवटचा भाग. मग त्या जागी सिनेमाची गाणी.

"आत्याला सांगायचं का?" मी विचारलं.

"सांगून काय करणार? फोनला त्या हात लावणार नाहीत. तुम्ही तेवढा अँटेना नीट करा," ती म्हणाली. "आणि दंतवैद्यांना घरात घेऊ नका."

मला हे सांगायला लाज वाटत नाही की त्या दिवशी मी घाबरलो. गंमत म्हणून सुरू केलेलं काम होतं. आता ते चुकलं असतं तर ती म्हातारी दर मंगळवारी खरखर लावून बसली असती, त्या खरखरीमागे कुणी उरलेलं नाही हे तिला कळलंही नसतं, आणि आम्हाला ते रोज माहीत असतं. मी रजा काढली. दुमडलेलं कडं काढून फेकलं, पडद्याचे रॉड परत चढवले, फट बोटभर ठेवली, आतली तार इकडे आणि जाळी तिकडे, जाळीचा एक धागासुद्धा तारेला चिकटू दिला नाही. आडवा वळवला. आकडे जुळत होते. तरी खाली फक्त एक पुसट आवाज, बाई की बुवा तेही कळू नये इतका.

मग रेडिओच उचलून गच्चीवर नेला आणि घरातल्या एका जुन्या केबलच्या हातभर तुकड्याने थेट अँटेनाला जोडला. आवाज खणखणीत. म्हणजे अँटेना शुद्ध, रेडिओ शुद्ध. चूक मधे कुठेतरी. मी केबल हाताने चाचपत जिना उतरलो, खिडकीतून आत आलो, कपाटापर्यंत आलो आणि टॉवेलापाशी थांबलो. केबलमधून जाताना सिग्नल दर हाताला थोडा थोडा झिजतो. गच्चीवरून आमच्या खोलीत तो नीट पोचत होता. मग रेडिओत शिरायच्या आधी त्याला कपाटामागे सगळं उरलेलं बंडल फिरून यावं लागत होतं. गोल गोल. डोंगर ओलांडून आलेला माणूस दारात उभा, आणि आम्ही त्याला प्रदक्षिणा घालायला लावत होतो.

ही गोष्ट आत्याला सांगणं सगळ्यात अवघड होतं. मी सांगितली. ती ऐकत होती. मी म्हणालो, ही गुंडाळी कापून टाकावी लागेल. ती म्हणाली, सोडवून ठेव, वेगळी काढून ठेव, कापायची कशाला? मी म्हणालो, आत्या, ती केबलच आहे, एकसंध आहे, कापल्याशिवाय वेगळी होत नाही. तिने टॉवेल सोडला. गुंडाळीवरून हात फिरवला. इतकी नवी कोरी वस्तू, एकदाही न वापरलेली. मग उठली आणि आपली बेतायची कात्री घेऊन आली.

ही कात्री आमच्या घरात कागदालाही लावत नाहीत. लहानपणी मी तिने पतंगाचा कागद कापला होता, त्यावरून मला दिवसभर गॅलरीत उभं केलं होतं. मी म्हणालो, आत्या, पक्कड आणतो, धार जाईल.

"जाऊ दे," ती म्हणाली. "कुठे कापू ते दाखव. नजरेने नको. माप घेऊन दाखव."

मी मापाची फीत लावली. तिने दोन्ही हातांनी जोर लावला आणि केबल कापली. धारेला खाच पडली. तिने कात्री पदराला पुसली, म्यानात ठेवली आणि टॉवेलात बांधलेली ती गुंडाळी उचलून कपाटावर टाकली. पुढेमागे कामाला येते, असं म्हणाली, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

मी टोक सोलून रेडिओला लावलं. मंगळवारची संध्याकाळ होती. रेडिओने घसा साफ करावा तशी एकदा खरखर केली आणि धाकटी आत्या आमच्या खोलीत बोलायला लागली. इतकी स्वच्छ की श्वास घेतलेलाही कळत होता. आत्याने कापड मांडीवर घेतलं आणि लगेच म्हणाली, "सर्दी झालीय हिला."

तेवढ्यात दारावर थाप पडली. सचिव होते. हातात नोटीस होती: गच्चीवरची कपड्यांची दोरी ही कपड्यांची दोरी नसल्याचं पाहणीत आढळलं आहे, तरी ती आज सूर्यास्तापूर्वी उतरवावी. ते वाचून दाखवायला लागले. आत्याने मान न वळवता सांगितलं की बसा, आवाज करू नका, कार्यक्रम संपला की तुमचं बघू. वजनमाप खात्यात इतकी वर्षं काढलेला माणूस, पण तिच्या आवाजात काहीतरी होतं. ते स्टुलावर बसले. नोटीस गुडघ्यावर ठेवली.

धाकटी आत्या सांगत होती की हा शेवटचा भाग आहे. आवाज तिने साधा ठेवला होता. ती म्हणाली की फोनवर मोजकेच लोक आहेत, त्यातली एक मीच, चालू आहे ना ते बघायला. रेडिओवर कुणी ऐकत असेल तर ते आम्हाला कळायला काही मार्ग नाही. केंद्राचं म्हणणं असं की नसावं. "मलाही आता तसंच वाटायला लागलंय," ती म्हणाली. "असो. आज बाहीची गोलाई घेऊ."

मी बायकोकडे पाहिलं. बायको आत्याकडे पाहत होती.  धाकटीने सांगितलं की बाहीची गोलाई नजरेने कापावी, साच्याची गरज नाही. एवढं ऐकूनही आत्या गप्प. 'चूक' म्हणाली नाही. कापडावरची तिची बोटं थांबली होती. मला त्या वेळी जे वाटलं ते मी सांगतो: मला त्या केंद्रातल्या झाडून सगळ्या लोकांचा राग आला, त्यांच्या आकड्यांचा राग आला, आणि जगात जे मोजता येत नाही ते नाहीच असं म्हणणाऱ्या प्रत्येकाचा राग आला. सचिवांचाही, अर्थातच, पण ते नेहमीचं.

"फोन लाव," आत्या म्हणाली.

बायकोने फोन उचलला आणि नंबर शोधायला लागली. आत्याने नंबर सांगितला. सगळा, न थांबता, तोंडपाठ. कार्यक्रमात तो दर वेळी सांगतात, आणि इतक्या वर्षांत तो तिने एकदाही लावला नव्हता.

घंटा वाजली. रेडिओत धाकटी आत्या म्हणाली की अरे वा, एक फोन आलाय, आणि तोच आवाज फोनमधूनही आला. पाठोपाठ कानठळ्या बसतील अशी शिट्टी सुरू झाली. फोन रेडिओला ऐकत होता, रेडिओ फोनला. सचिवांनी कानात बोटं घातली.

"नमस्कार, बोला, कुठून बोलताय? आधी जरा तुमच्या रेडिओचा आवाज कमी करा."

"कुठून बोलतेय ते राहू दे," आत्या म्हणाली. "बाहीची गोलाई पुढे खोल असते, मागे कमी असते. नजरेने कापणारीच्या दोन्ही सारख्या होतात, आणि हात वर केला की काखेत उसवतं. मी दर मंगळवारी ऐकते. दर मंगळवारी चुकीचं सांगतेस. कार्यक्रम बंद करायचा नाही. आधी बरोबर सांग, मग कर काय करायचं ते."

त्यानंतर रेडिओत कुणीच बोललं नाही. नुसती शिट्टी. शिट्टी डोंगरापलीकडे जात होती आणि परत येत होती. मला वाटलं लाइन तुटली. मग धाकटी आत्या बोलली, पण आत्याशी नाही.

"केंद्राच्या मंडळींनी ही शिट्टी ऐकून ठेवावी," ती म्हणाली. "फोनवरचं थोडं उशिरा पोचतं, त्याची अशी शिट्टी होत नाही. शेजारी रेडिओ चालू असला तरच येते." मग ती थांबली. नाक ओढल्याचा आवाज आला, सर्दीचा असेल. "ताई, रेडिओ कमी कर."

"नाही करणार," आत्या म्हणाली, आणि हात लांब करून तिने तो आणखी मोठा केला.